कागदी छायाचित्रण, आरंभकालीन

चांदीच्या प्रकाशसंवेदी संयुगांनी संस्कारित केलेल्या कागदावर वस्तूच्या स्पर्शाने अथवा कॅमेऱ्यातील भिंगाद्वारे प्रतिमा मिळविणे, ती टिकाऊ करणे आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढणे, या प्रक्रियांना मिळून कागदी छायाचित्रण म्हणतात. या पद्धतीचा आरंभकाल सामान्यतः १८३४ ते १८६० असा धरतात. या काळात मूळ व्यस्त प्रतिमा (निगेटिव्ह) आणि तिच्यावरून काढलेली सम प्रतिमा (पॉझिटिव्ह) या दोन्ही कागदावरच असत. १८५१ नंतर व्यस्त प्रतिमेसाठी काच वापरात येऊ लागली व सु. दहा वर्षांत कागदी व्यस्त प्रतिमा मागे पडली. प्रतींसाठी मात्र कागदाचे स्थान अबाधित राहिले.

छायाचित्रणाचा जन्म १८३९ मध्ये पॅरिस येथे झाला, असे सांगण्याचा प्रघात आहे. लूई झाक मांदे दागेर यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर घेतलेली चित्रे तपशिलाच्या बाबतीत अतुलनीय होती, यात शंका नाही. परंतु दागेरोटाइप चित्र एकुलते एक असे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. विसाव्या शतकाच्या अखेरीस अंकीय छायाचित्रण रूढ होईपर्यंत जगाने जी पद्धती वापरली, ती कागदावर सिद्ध झालेली एका व्यस्त प्रतिमेवरून अनेक सम प्रतिमा काढण्याची पद्धती होय. तिचा शोध कोणा एकाच्या नावावर घालता येत नाही. प्रकाशाने कागद काळा करणे अनेकांना साधले होते. तो काळा होण्याचे योग्य वेळी थांबविणे आणि उलट उमटलेल्या प्रतिमेचा उपयोग ओळखणे, हे खरे अवघड प्रश्न होते व ते निरनिराळ्या व्यक्तींनी निरनिराळ्या वेळी सोडविले.

पूर्वपीठिका : चांदीची काही संयुगे उन्हात काळवंडतात, हे रसायनशास्त्रज्ञांना अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून माहीत होते. हा परिणाम उष्णतेचा नसून प्रकाशाचा आहे, असे जर्मन शास्त्रज्ञ योहान हाइन्रिख शुल्त्से यांनी प्रयोगाने दाखविले. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल व्हिल्हेल्म शेले यांनी १७७७ मध्ये सिल्व्हर क्लोराइडावरील प्रयोग प्रसिद्ध केले. वर्णपटाच्या जांभळ्या टोकाकडील प्रकाशाने हे संयुग सर्वांत लवकर काळे पडते, हे त्यांना आढळले. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण असे की, अमोनियात सिल्व्हर क्लोराइड विरघळते, परंतु प्रकाशाने काळी झालेली चांदी विरघळत नाही. म्हणजे चित्र कायम करण्याचा एक मार्ग शेले यांच्या ग्रंथात छापून तयार होता. पुढील अर्धशतकात चित्र टिकविण्यासाठी धडपडलेल्यांपैकी बहुतेकांनी त्याचा उपयोग केला नाही.

या प्रयोगशील मंडळींत टॉमस वेजवुड (१७७१–१८०५) यांचे नाव प्रथम येते. मातीच्या उंची भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील वेजवुड घराण्यातील ते पुत्र. सिल्व्हर नायट्रेटाच्या द्रावणात भिजविलेला कागद व पांढरे कातडे वापरून त्यांनी पानांच्या, कीटकांच्या पंखांच्या आणि काचेवरील चित्रांच्या छाया उमटविल्या. त्यांचे मित्र हंफ्री डेव्ही यांनी या प्रयोगांचा वृत्तांत १८०२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या नियतकालिकात दिला. कॅमेऱ्यातील प्रतिमा अंधुक असल्याने ती उमटली नाही आणि जी चित्रे उमटली ती टिकविता आली नाहीत, ही दोन्ही अपयशे त्यात स्पष्ट नमूद आहेत. चित्रे अंधाऱ्या जागी ठेवावी लागत व पाहावयाची तर मंद उजेडात, घाईघाईने. उजेडात आणताच न काळवंडलेला भागही काळवंडू लागे आणि चित्र स्वतःतच बुडून जाई.

फ्रान्समध्ये जोझेफ नीसेफॉर न्येप्स यांनी १८१६ मध्ये सिल्व्हर क्लोराइडाचा लेप दिलेला कागद कॅमेऱ्यात ठेवून खिडकीबाहेरील दृश्य मिळविले, असे त्यांनी भावाला लिहिलेल्या पत्रांवरून दिसते. त्यात उजळ भाग काळे व काळे भाग उजळ आले होते. न्येप्स यांना हा दोष वाटला. सरळ चित्र मिळावे म्हणून त्यांनी कागद व चांदी दोन्ही सोडून डांबरवर्गीय पदार्थ आणि धातूचे पत्रे यांकडे मोर्चा वळविला. १८२६-२७ च्या सुमारास त्यांनी कथिलमिश्रित पत्र्यावर घेतलेले दृश्य हे आज अस्तित्वात असलेले कॅमेऱ्यातील सर्वांत जुने चित्र मानले जाते. कागदाच्या इतिहासात मात्र त्यांचे स्थान एका वळणावरून माघारी फिरलेल्या प्रवाशाचे आहे.

ब्राझीलमधील प्रयत्न : यूरोपातील या घडामोडींची वार्ता नसताना ब्राझीलमधील आजच्या कँपीनस या गावी अर्क्यूल फ्लॉराँस (१८०४–७९) यांनी १८३३ पासून याच दिशेने प्रयोग केले. ते मूळचे नीसचे. एका रशियन संशोधनमोहिमेबरोबर चित्रकार म्हणून ब्राझीलच्या अंतर्भागात हिंडून तेथेच स्थायिक झाले होते. गावात छापखाना नव्हता व आपले लेखन छापून मिळावे ही त्यांची निकड होती. म्हणून त्यांचे लक्ष देखाव्यांपेक्षा प्रती काढण्याकडे अधिक होते. काचेवर काजळी धरून तीत मजकूर कोरावयाचा व त्याखाली सिल्व्हर नायट्रेटाचा किंवा सुवर्ण क्लोराइडाचा कागद ठेवून तो उन्हात धरावयाचा, अशी त्यांची रीत होती. औषधांच्या बाटल्यांवर चिकटवावयाच्या चिठ्ठ्या त्यांनी अशा प्रकारे तयार केल्या. चित्र टिकविण्यासाठी त्यांनी अमोनिया आणि तो न मिळाल्यास मूत्र वापरले. आपल्या टिपणवहीत त्यांनी या कलेला ‘फोटोग्राफी’ या अर्थाचा फ्रेंच शब्द १८३४ च्या सुमारास योजला होता. दागेर यांच्या शोधाची बातमी १८३९ मध्ये पोहोचल्यावर त्यांनी आपला हक्क फारसा पुढे रेटला नाही. बोरिस कोसॉय या ब्राझीलियन इतिहासकाराने त्यांच्या वह्या अभ्यासल्या व १९७६ मध्ये त्यांतील कृती अमेरिकेतील रॉचेस्टर येथे तपासून घेतल्या, तेव्हा कोठे हे कार्य जगापुढे आले.

टॉल्बट यांचे प्रयोग : कागदी छायाचित्रणाला पूर्णत्व देणारे विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट (११ फेब्रुवारी १८००–१७ सप्टेंबर १८७७) हे इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील लेकॉक ॲबी या वडिलोपार्जित वास्तूचे मालक, गणितज्ञ, प्रकाशकीचे अभ्यासक, भाषाविद व काही काळ संसदसदस्य होते. त्यांना चित्रकला येत नव्हती आणि शोधाचा उगम या उणिवेतच आहे. ऑक्टोबर १८३३ मध्ये इटलीतील कोमो सरोवराकाठी ते कॅमेरा ल्यूसिडा या प्रकाशीय उपकरणाच्या साहाय्याने देखावे रेखाटीत होते. लोलकातून कागदावर दिसणारे चित्र सुंदर, पण डोळा बाजूला करताच कागदावर उरलेल्या रेषा निराशाजनक! पूर्वी वापरलेल्या अंधारपेटीतही (कॅमेरा ऑब्स्क्यूरा) हाच अनुभव आला होता. हे क्षणिक चित्र स्वतःच कागदावर उमटून तेथे राहिले तर, असा विचार तेथे त्यांच्या मनात आला. मायदेशी परतल्यावर १८३४ च्या आरंभी त्यांनी प्रयोग सुरू केले.

त्यांची पद्धत दिसावयास साधी होती. उत्तम प्रतीचा लिहावयाचा कागद मिठाच्या सौम्य द्रावणात भिजवून वाळवावयाचा व त्यावर कुंचल्याने सिल्व्हर नायट्रेट फिरवावयाचे. दोहोंच्या संयोगाने कागदाच्या तंतूंत सिल्व्हर क्लोराइड तयार होते. या कागदावर पान अगर जाळीदार लेस ठेवून वर काच दाबली आणि ते उन्हात ठेवले, की झाकलेला भाग पांढरा राहून उरलेला तपकिरी-काळा होतो. कागद सर्वत्र सारखा काळवंडत नाही, कडेचे काही भाग अधिक त्वरेने काळे पडतात, हे टॉल्बट यांच्या ध्यानात आले. जेथे मीठ कमी पोहोचले तेथेच हे घडत होते. अर्थात मीठ जितके कमी तितका कागद संवेदनशील आणि मीठ पुष्कळ झाले तर तो जवळजवळ निष्क्रिय, असा नियम हाती आला. एकाच निरीक्षणातून त्यांना दोन गोष्टी मिळाल्या : संवेदनशील कागद बनविण्याची कृती आणि उमटलेले चित्र मिठाच्या तीव्र द्रावणात बुडवून टिकविण्याची युक्ती. वेजवुड जेथे अडले तो अडसर अशा रीतीने दूर झाला. मिठाने केलेले हे स्थिरीकरण अपुरेच होते. अशी चित्रे कालांतराने फिकट जांभळट होत. तरीही ती दिवसाच्या उजेडात पाहता येऊ लागली.

१८३५ च्या उन्हाळ्यात त्यांनी कॅमेऱ्याकडे लक्ष दिले. मोठ्या पेटीत प्रकाश फार पसरतो व चित्र उमटण्यास तास न् तास लागतात. तेव्हा पेटीच लहान करावी, असा विचार करून त्यांनी दोन-तीन इंच लांबी-रुंदीच्या लाकडी पेट्या बनवून त्यांना सूक्ष्मदर्शकाची भिंगे बसविली व त्या वाड्याभोवती ठिकठिकाणी मांडल्या. त्यांच्या पत्नी कॉन्स्टन्स या पेट्यांना ‘उंदीर धरण्याचे सापळे’ म्हणत. ऑगस्ट १८३५ मध्ये लेकॉक ॲबीच्या दक्षिण सज्जातील जाळीदार खिडकीचे, टपालाच्या तिकिटापेक्षा फारसे मोठे नसलेले चित्र मिळाले. ते जगातील उपलब्ध कागदी व्यस्त प्रतिमांपैकी सर्वांत जुने आहे. चित्र नवे होते तेव्हा भिंगातून खिडकीचे सु. २०० काचतुकडे मोजता येत, अशी टीप टॉल्बट यांनी त्याशेजारी लिहून ठेवली आहे.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारी-अखेरच्या एका टिपणात याहूनही मोलाची कल्पना आहे. कागद पुरेसा पारदर्शक असेल तर पहिले चित्र दुसऱ्या संवेदनशील कागदावर ठेवून उन्हात धरता येईल व त्यायोगे उजेड-सावल्या पुन्हा उलटून मूळ दृश्याप्रमाणे होतील, असा तिचा आशय आहे. न्येप्स यांना जो दोष वाटला होता तो या टिपणात गुण ठरला. असे असूनही टॉल्बट यांनी काहीच प्रसिद्ध केले नाही. पुढील तीन वर्षे ते स्फटिकांचे प्रकाशीय गुणधर्म, समाकलन आणि अभिजात भाषा यांत रमले. १८३८ मध्ये गणितातील कार्याबद्दल त्यांना रॉयल सोसायटीचे पदकही मिळाले. छायाचित्रे कपाटातच राहिली. या विलंबाची किंमत त्यांना पुढे मोजावी लागली.

१८३९ : या वर्षी ७ जानेवारीला फ्रांस्वा आरागो यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे दागेर यांच्या शोधाची घोषणा केली. कृती गुप्त होती; ती आपल्यासारखीच असेल अशी टॉल्बट यांना धास्ती वाटली. २५ जानेवारी रोजी त्यांची चित्रे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मांडण्यात आली व मायकेल फॅराडे यांनी ती उपस्थितांच्या निदर्शनास आणली. ३१ जानेवारीला ‘प्रकाशजनित रेखाटनाची कला’ या विषयावरील त्यांचा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. वस्तुतः दोन्ही पद्धतींत चांदीचे क्षार व कॅमेरा यांपलीकडे साम्य नव्हते, पण हे १९ ऑगस्टला दागेर यांची कृती जाहीर होईपर्यंत कोणालाच कळले नाही. फ्रेंच सरकारने दागेर यांना वर्षाला ६,००० व न्येप्स यांच्या मुलाला ४,००० फ्रँक असे निवृत्तिवेतन देऊन तो शोध विकत घेतला. टॉल्बट यांच्या वाट्याला सरकारकडून काही आले नाही.

दागेर यांचे वृत्त कानी पडताच जॉन हर्शेल (१७९२–१८७१) या ज्योतिर्विदांनी जानेवारीअखेरीस अवघ्या काही दिवसांत स्वतंत्रपणे छायाचित्र घेण्याची रीत बसविली. सोडियम थायोसल्फेट (त्या काळचे नाव हायपोसल्फाइट ऑफ सोडा, संक्षेपाने ‘हायपो’) चांदीचे क्षार सहज विरघळविते, हे त्यांनीच वीस वर्षांपूर्वी, १८१९ मध्ये प्रसिद्ध केले होते. न काळवंडलेले संयुग धुऊन काढणे हाच खरा उपाय, हे त्यांना तत्काळ उमगले. १ फेब्रुवारी रोजी टॉल्बट त्यांना स्लाउ येथे भेटले तेव्हा हर्शेल यांनी ही गोष्ट हातचे न राखता सांगितली. दागेर यांनीही हायपो स्वीकारले व पुढील सर्व रासायनिक छायाचित्रणात ते टिकले. ‘फोटोग्राफी’ हा शब्द इंग्रजीत रूढ करण्याचे आणि ‘निगेटिव्ह’ व ‘पॉझिटिव्ह’ या संज्ञा छायाचित्रणास लावण्याचे श्रेयही हर्शेल यांचेच. त्यांनी कशाचेही एकस्व (पेटंट) घेतले नाही. १८४२ मध्ये लोहाच्या क्षारांवर आधारलेली निळ्या चित्रांची ‘सायनोटाइप’ पद्धतीही त्यांनीच शोधली. ॲना ॲटकिन्स या वनस्पति-अभ्यासक महिलेने १८४३ पासून दहा वर्षे या पद्धतीने ब्रिटिश शैवलांचा चित्रसंग्रह भागाभागाने काढला. छायाचित्रांनी सजविलेला तो पहिला ग्रंथ मानला जातो. इमारतींचे आराखडे उतरविण्याच्या ‘ब्लू प्रिंट’ या रीतीचे मूळ हेच.

बायार यांची उपेक्षा : पॅरिसमध्ये अर्थखात्यात कारकून असलेले इपोलीत बायार (१८०१–८७) यांनी १८३९ च्या वसंतात एक वेगळीच युक्ती काढली. सिल्व्हर क्लोराइडाचा कागद आधीच उन्हात पूर्ण काळा करून तो पोटॅशियम आयोडाइडाच्या द्रावणात भिजवावयाचा आणि ओला असतानाच कॅमेऱ्यात ठेवावयाचा. आता जेथे प्रकाश पडेल तेथे कागद उडून पांढरा होतो व एकदम सम प्रतिमा मिळते. २४ जून १८३९ रोजी, म्हणजे दागेर यांची कृती जाहीर होण्यापूर्वी सु. दोन महिने, मार्तिनीक बेटावरील भूकंपग्रस्तांच्या साहाय्यार्थ भरलेल्या प्रदर्शनात बायार यांची तीस चित्रे लोकांनी पाहिली. छायाचित्रांचे जगातील पहिले जाहीर प्रदर्शन ते हेच. परंतु आरागो यांनी आपले सर्व वजन दागेर यांच्या पारड्यात टाकले होते. बायार यांना साहित्यासाठी ६०० फ्रँक देऊन गप्प करण्यात आले.

ऑक्टोबर १८४० मध्ये बायार यांनी स्वतःचेच, अर्धवस्त्र, डोळे मिटून भिंतीला टेकलेले छायाचित्र घेतले आणि मागे एक उपरोधिक मजकूर लिहिला : हे प्रेत बायार यांचे असून, दागेर यांना सढळ हाताने देणाऱ्या सरकारने आपल्यासाठी काही करता येत नाही म्हटल्यामुळे या दुर्दैवी गृहस्थाने जलसमाधी घेतली आहे. चित्रात चेहरा व हात काळे दिसतात. ते उन्हाने रापलेले असल्याने तसे आले, पण बायार यांनी ते प्रेत कुजू लागल्याचे लक्षण म्हणून सांगितले आहे. कॅमेऱ्यासमोर मुद्दाम रचलेला प्रसंग सत्य म्हणून मांडण्याचे हे पहिले ज्ञात उदाहरण. छायाचित्र खोटे बोलत नाही ही समजूत रुजण्यापूर्वीच तिचे खंडन झाले होते, असे म्हणावयास हरकत नाही. बायार यांची पद्धत मात्र खुंटली. तिच्यात एका वेळी एकच चित्र मिळे.

कॅलोटाइप : टॉल्बट यांच्या आरंभीच्या कागदावर चित्र डोळ्यांदेखत पूर्ण काळे होईपर्यंत प्रकाश पडू द्यावा लागे. माणसाचे चित्र घेणे त्यामुळे अशक्यप्राय होते. सप्टेंबर १८४० मध्ये सिल्व्हर आयोडाइडाच्या कागदावर त्यांनी सिल्व्हर नायट्रेट व गॅलिक अम्ल यांचे मिश्रण लावून पाहिले. शाईसाठी वापरल्या जाणाऱ्या मायफळात हे अम्ल असते. थोडा वेळच प्रकाश दिलेला आणि कोराच राहिलेला कागद या मिश्रणाने पुन्हा ओला करताच त्यावर चित्र हळूहळू उमटू लागले. प्रकाशाने कागदात एक अदृश्य बदल आधीच घडविला होता. रसायनाने तो वाढवून दृश्य केला. या सुप्त प्रतिमेचे विकसन हे पुढील सर्व छायाचित्रणाचे अधिष्ठान ठरले. उद्भासनाचा काळ तासाऐवजी मिनिटांत मोजता येऊ लागला. १० ऑक्टोबर १८४० रोजी टॉल्बट यांनी पत्नी कॉन्स्टन्सचे चित्र तीन मिनिटांत घेतले. ग्रीक भाषेतील सौंदर्यवाचक शब्दावरून त्यांनी या पद्धतीस ‘कॅलोटाइप’ हे नाव दिले. फेब्रुवारी १८४१ मध्ये त्यांनी तिचे एकस्व घेतले आणि १८४२ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदक मिळाले.

प्रतींच्या सामर्थ्याचे प्रात्यक्षिक म्हणून टॉल्बट यांनी १८४४ ते १८४६ या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हा ग्रंथ सहा भागांत प्रसिद्ध केला. त्यात २४ चित्रे असून प्रत्येक प्रतीत ती हाताने चिकटविली आहेत. त्यांसाठी रेडिंग येथे निकोलास हेनेमन या त्यांच्या पूर्वीच्या सेवकाच्या देखरेखीखाली छपाईचे केंद्र काढण्यात आले. उन्हात मांडलेल्या चौकटींच्या रांगा आणि ढगाळ हवामान यांवर सारे उत्पादन अवलंबून असे. घाईत पाणी अपुरे वापरल्याने हायपो कागदात उरे व थोड्या वर्षांत चित्रे पिवळी पडून फिकट होत. टॉल्बट यांची बरीच बदनामी या फिकटपणाने केली. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीला या प्रश्नाच्या चौकशीसाठी १८५५ मध्ये एक समिती नेमावी लागली.

स्कॉटलंडमधील बहर : इंग्लंडमध्ये कॅलोटाइपसाठी परवाना लागे, स्कॉटलंडमध्ये टॉल्बट यांनी एकस्व घेतले नव्हते. त्यांचे मित्र डेव्हिड ब्रूस्टर यांनी पत्रांतून कळविलेल्या माहितीवरून सेंट अँड्रूझ येथे डॉ. जॉन ॲडमसन यांनी ही कृती आत्मसात केली व आपला धाकटा भाऊ रॉबर्ट (१८२१–४८) याला शिकविली. रॉबर्ट यांनी १८४३ मध्ये एडिंबरो येथील कॅल्टन टेकडीवर व्यवसाय मांडला. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून ४०० हून अधिक धर्मोपदेशक बाहेर पडले. त्या प्रसंगाचे भव्य चित्र रंगविण्याचे डेव्हिड ऑक्टेव्हिअस हिल (१८०२–७०) या चित्रकाराने ठरविले. एवढ्या माणसांचे चेहरे रेखाटणार कधी? ब्रूस्टर यांनी त्यांची ॲडमसन यांच्याशी गाठ घालून दिली. चेहऱ्यांच्या टिपणासाठी जुळलेली ही भागीदारी साडेचार वर्षांत सु. ३,००० चित्रे मागे ठेवून गेली. न्यूहेवन या मासेमारीच्या गावातील कोळी व कोळिणी यांची त्यांनी घेतलेली चित्रे श्रमजीवी समाजाचे कॅमेऱ्याने केलेले पहिले सलग दर्शन होय.

कागदाच्या मर्यादा या चित्रांत गुणांप्रमाणे वावरतात. व्यस्त प्रतिमेतून प्रकाश जाताना कागदाचे तंतूही प्रतीत उतरतात. त्यामुळे बारीक तपशील विरून मोठे प्रकाशपुंज व गडद छाया उरतात. लंडनच्या व्यावसायिकांनी ज्याला खरखरीतपणा म्हणून नाक मुरडले, त्यातच हिल यांच्या चित्रकाराच्या दृष्टीला सामर्थ्य दिसले. ॲडमसन वयाच्या सव्विसाव्या वर्षी वारले आणि हे पर्व संपले. हिल यांचे रंगचित्र पुरे व्हावयास १८६६ साल उजाडले. आज ते फारसे कोणी पाहत नाही. त्यासाठी घेतलेली छायाचित्रे मात्र पाहिली जातात.

सुधारणा व एकस्वाचा वाद : फ्रान्समध्ये टॉल्बट यांचा जाच कमी असल्याने कागदावर अधिक काम झाले. लील येथील कापडव्यापारी लूई देझीरे ब्लांकार-एव्हरार यांनी १८४७ मध्ये कुंचल्याऐवजी कागद रसायनात बुडविण्याची रीत सुचविली, १८५० मध्ये अंड्यातील पांढऱ्याचा लेप दिलेला चकचकीत ‘अल्ब्युमेन’ कागद प्रचारात आणला आणि १८५१ मध्ये लील येथे छायाचित्रांचा छापखाना काढला. मॅक्सिम द्यू कां यांच्या ईजिप्त व पॅलेस्टाइनमधील १२५ चित्रांचा १८५२ मधील ग्रंथ तेथेच छापला गेला. ग्यूस्ताव्ह ल ग्रे यांनी संवेदनशील करण्यापूर्वीच कागदाला मेण मुरविण्याची युक्ती १८५१ मध्ये जाहीर केली. मेणाने तंतूंतील पोकळ्या भरून कागद पारदर्शक होई व तयार कागद बरेच दिवस टिके. प्रवाशांना हा मोठाच दिलासा होता.

त्याच वर्षी फ्रेडरिक स्कॉट आर्चर या लंडनच्या शिल्पकाराने काचेवर कलोडियनचा लेप देण्याची पद्धती एकस्वाविना प्रसिद्ध केली. काचेवरची व्यस्त प्रतिमा तपशिलात दागेरोटाइपच्या तोडीची आणि प्रती काढावयास कागदासारखीच सोयीची. टॉल्बट यांनी तीही आपल्या एकस्वाच्या कक्षेत येते असा दावा केला. मित्रांच्या आग्रहावरून १८५२ मध्ये त्यांनी हौशी मंडळींना मोकळीक दिली. व्यक्तिचित्रांचा व्यवसाय मात्र राखून ठेवला. डिसेंबर १८५४ मध्ये लारोश या व्यावसायिकाविरुद्धच्या खटल्यात, मायफळाचा अर्क आपण आधीच वापरला होता, असे जे. बी. रीड या धर्मोपदेशकाने सांगितले. कॅलोटाइपचे खरे संशोधक टॉल्बटच, परंतु कलोडियनने त्यांच्या एकस्वाचा भंग होत नाही, असा ज्यूरीने निर्णय दिला. एकस्वाचे नूतनीकरण मग त्यांनी केले नाही. आपल्या श्रमांचे मोल मागण्यात टॉल्बट यांनी गैर काही केले नाही. तथापि ज्या देशात कागदी छायाचित्रण जन्मले तेथेच ते दहा वर्षे आखडून राहिले आणि मोकळे झाले तेव्हा त्याची वेळ टळून गेली होती. खुद्द आर्चर १८५७ मध्ये विपन्नावस्थेत वारले.

भारतात : कागदाने हिंदुस्थानात आणखी काही वर्षे तग धरला. कलोडियनची काच ओली असतानाच वापरून लगेच विकसित करावी लागे. उन्हाळ्यात लेप पाहता पाहता वाळे आणि जड काचा बैलगाडीतून न्याव्या लागत. मेणकागद आदल्या दिवशी तयार करून नेता येई. बंगालच्या सैन्यातील शल्यचिकित्सक जॉन मॅकॉश यांनी दुसऱ्या शीख युद्धाच्या वेळी (१८४८-४९) व पुढे ब्रह्मदेशात कॅलोटाइप चित्रे घेतली. मद्रास इलाख्याचे शासकीय छायाचित्रकार लिनिअस ट्राइप यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरील शिलालेख २१ चित्रे जोडून एका सलग पट्टीत उतरविला.

मुंबई सरकारने १८५५ मध्ये तोफखान्यातील अधिकारी टॉमस बिग्ज यांना विजापूर, बादामी, ऐहोळे व पट्टदकल येथील वास्तू टिपण्याचे काम दिले, त्यांच्यानंतर डॉ. विल्यम हेन्री पिगू व ए. सी. बी. नील यांनी ते पुढे चालविले. ही कागदी व्यस्त प्रतिमांची चित्रे १८६६ मध्ये लंडन येथे निघालेल्या विजापूर आणि धारवाड-म्हैसूर येथील वास्तुकलेवरील ग्रंथांत आली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. नारायण दाजी स्वतः चांगले छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्यातून तयार होऊन पुढे मुंबईत या व्यवसायात नावारूपास आले. तोवर कागदाची जागा काचेने घेण्यास सुरुवात झाली होती.

अवशेष : टॉल्बट यांनी उत्तरायुष्यात छायाचित्र छपाईच्या शाईने धातूच्या ठशावरून उतरविण्याचे प्रयोग केले (१८५२ व १८५८). शाई उडत नाही, हा त्यामागील हेतू. आपल्या चित्रांचे फिकट पडणे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. लेकॉक ॲबी १९४४ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन झाली असून तेथे त्यांच्या कार्याचे संग्रहालय आहे. ऑगस्ट १८३५ मधील खिडकीची व्यस्त प्रतिमा ब्रिटनमधील सायन्स म्युझियम समूहाच्या संग्रहात आहे. ती आता इतकी फिकट झाली आहे, की टॉल्बट यांनी मोजलेले काचतुकडे तीत मोजता येत नाहीत. अशा चित्रांवर प्रकाशाचा परिणाम अजूनही होऊ शकत असल्याने ती अंधारात ठेवतात.